बटणाचा फोन थकला आणि तसाच आता मिळत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणाचाही बटणाचा फोन रुसला की तो माझ्यासमोर येऊन पडतो. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: जुना फोन धुगधुगी धरून आहे तोवरच नवा घ्या. मेलेल्या फोनमधून नंबर काढता येत नाहीत, आणि त्यात काय काय सोय होती तेही ऐन वेळी आठवत नाही.

फोन खरंच संपलाय, की नुसती बॅटरी गेली आहे?

आधी बॅटरीवरच संशय घ्या. दोन-तीन काड्या दिसत असतात, कॉल येतो आणि फोन बंद पडतो, ही तक्रार बहुतेक वेळा बॅटरीचीच असते. २जी फोन टॉवरशी बोलताना क्षणभरासाठी दोन अँपिअरपर्यंत वीज ओढतो. थकलेली बॅटरी नुसती बसून असते तेव्हा ठीक वाटते, पण तो झटका तिला पेलवत नाही.

बॅटरी काढून काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर आडवी ठेवा आणि बोटाने गरकन फिरवा. धड बॅटरी जागीच घासून थांबते. फुगलेली भोवऱ्यासारखी फिरते. फिरली तर पुन्हा फोनमध्ये घालू नका, चार्ज करू नका, टोचू-दाबू तर अजिबात नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

बॅटरी ठीक असेल तर पुढचे संशयित बघा. बटण जोरात दाबल्यावरच लागत असेल, तर रबरी कीपॅडखालच्या पातळ धातूच्या घुमट्या मळल्या असतात. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या की बऱ्याचदा पुन्हा टकटक वाजू लागतात. समोरच्याचा आवाज बारीक येत असेल तर कानाच्या जाळीत धूळ बसलेली असते. कोरडा, मऊ ब्रश फिरवून पाहा. मी असे दोन फोन 'बहिरे झाले' म्हणून आलेले पाहिलेत, दोन्ही ब्रशने बरे झाले. चार्जिंगची खाच सैल झाली असेल तर बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरता येते. कटकट आहे, पण नवा फोन येईपर्यंत निभतं.

सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतं आणि याच्यात रेंजच येत नाही, असं असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी नेटवर्कबद्दलचं उत्तर वाचा.

तेच मॉडेल आता का बनत नाही? चांगलं तर चालायचं!

चांगलं चालायचं म्हणूनच तर तुम्ही इतकी वर्षं दुसरं घेतलं नाहीत! हा अर्धा विनोद झाला. खरी अडचण फोनच्या पोटात असते. फोन म्हणजे चिप, स्क्रीन, कीपॅड, बॅटरी असा दहा ठिकाणच्या मालाचा संसार. त्यातली चिप किंवा स्क्रीन बनवणाऱ्याने ती ओळ बंद केली की फोन बनवणाऱ्याला त्या जागी दुसरं काही बसवावं लागतं, म्हणजे फोन नव्याने आखावा लागतो. मग नवाच का काढू नये, असा हिशेब होतो.

शिवाय कंपन्यांचे हात बदलले. नोकिया ११०० हा २००३ चा फोन, पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. पण २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच वर्षी सिरीज ४० या जुन्या प्रणालीवर पुढे काम न करण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. २०१६ मध्ये साध्या फोनचा धंदा एचएमडी आणि फॉक्सकॉनच्या एफआयएच कंपनीकडे आला. त्यामुळे आज नोकिया नावाचा बटणाचा फोन हातात घेतला तरी आतला मेनू तुमच्या जुन्या फोनचा वारस नाही, फार तर लांबचा नातेवाईक आहे.

मग जुन्याच नावाने पुन्हा निघालेले फोन?

नाव तेच, फोन वेगळा. नोकिया ३३१० हे नेहमीचं उदाहरण. मूळ फोन २००० सालचा. २०१७ मध्ये त्याच नावाने जो आला त्याला रंगीत स्क्रीन, कॅमेरा आणि १२०० एमएएचची बॅटरी होती, आणि पहिली आवृत्ती फक्त २जीवर चालायची. तीही ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवरच, त्यामुळे अमेरिकेत त्याचा फोन म्हणून उपयोग नव्हता. जुन्या फोनच्या आठवणीने घेणाऱ्यांना तो आवडला. जुन्या फोनची सवय म्हणून घेणाऱ्यांना पहिला आठवडा बटणं शोधण्यात गेला.

नावामागे धावू नका. नावाशेवटी येणारं '४जी', सालाचा आकडा किंवा एखादं अक्षर यांनी आतला फोन पूर्ण बदलतो.

जुनंच मॉडेल 'नवंकोरं, पेटीबंद' म्हणून विकायला दिसतं. घ्यावं का?

तीन गोष्टी तपासून मग ठरवा. पहिली, तो खरंच पेटीबंद आहे की जुन्या मदरबोर्डवर नवं कवच चढवलंय. *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तोच आकडा बॅटरीखालच्या चिठ्ठीवर आणि पेटीवर असला पाहिजे. तिन्ही आकडे जुळत नसतील तर फोन परत द्या. कवच बदललेल्या फोनची बटणंही सांगतात: अक्षरं किंचित वाकडी छापलेली, पाचच्या बटणावरचा उंचवटा गुळगुळीत.

दुसरी, बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. दहा वर्षं पेटीत पडलेली बॅटरी 'नवी' नसते, फक्त न वापरलेली असते. फोनबरोबर ताज्या बॅटरीचा खर्च धरूनच चाला.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, नेटवर्क.

जुन्या फोनला रेंज का येत नाही? किंवा रेंज येते पण कॉल लागत नाही?

जीएसएम म्हणजे आपण ज्याला २जी म्हणतो त्यावरचा पहिला व्यावसायिक कॉल १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये झाला. इतकी वर्षं एक तंत्र चाललं हेच नवल. आता अनेक देशांत कंपन्या २जी आणि ३जी बंद करून त्याच लहरी ४जी-५जीला देतायत. जपानमधलं २जी २०१२ मध्ये संपलं. सिंगापूरने २०१७ मध्ये बंद केलं. ऑस्ट्रेलियात २जी आधीच गेलं होतं, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ३जीही गेलं. ब्रिटनमध्ये ३जी जवळपास गेलं, पण २जीला २०३३ पर्यंतची मुदत आहे. म्हणजे काही ठिकाणी ३जी आधी जातं आणि आजोबा मागे राहतात! त्यामुळे 'जुनं सगळं बंद होणार' असं मोघम ऐकून घाबरू नका. तुमच्या सिमच्या कंपनीला थेट विचारा: इथे २जी आहे का, आणि कधीपर्यंत?

तुमच्या जागी २जी जाणार असेल, तर कितीही प्रेमाने जपलेला २जी फोन त्या दिवशी घड्याळ आणि टॉर्च होतो. बॅटरी बदलून, अँटेना दुरुस्त करून काही होत नाही.

पेटीवर '४जी' लिहिलंय. एवढं पुरे ना?

नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

४जी हे मुळात डेटासाठीचं जाळं. त्यावरून बोलायचं तर फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच आवाज नेण्याची सोय हवी, आणि तुमच्या सिमच्या कंपनीने त्या मॉडेलचं व्होल्टी मान्य केलेलं हवं. व्होल्टी नसलेला ४जी फोन कॉल आला की गुपचूप २जी किंवा ३जीवर उतरतो, बोलणं झालं की पुन्हा वर चढतो. खाली उतरायला पायरीच उरली नाही की कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात ३जी बंद करताना काही ४जी फोनसुद्धा नेटवर्कवरून अडवावे लागले, कारण त्यांचा आणीबाणीचा कॉल ३जीवरूनच जायचा.

दुसरं म्हणजे बँड, म्हणजे फोन ज्या लहरींवर चालतो ते पट्टे. बाहेरून आणवलेल्या फोनमध्ये तुमच्याकडचे ४जी बँड असतीलच असं नाही. २जीचंही तसंच होतं: अमेरिका खंडात मुख्यतः ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झ, बाकी बहुतेक जगात ९०० आणि १८००.

तपासायची सोपी रीत अशी. आपलं सिम घाला, कॉल लावा, आणि बोलत असताना वरच्या पट्टीकडे बघा. ४जीचं चिन्ह बोलणं चालू असतानाही तसंच राहिलं तर कॉल ४जीवरूनच चाललाय. ते गायब होऊन त्या जागी ३जी, २जी किंवा नुसतं 'ई' (तेही २जीच) आलं, तर फोन खाली उतरतोय.

व्होल्टीचा एक फायदा फार कुणी सांगत नाही. जुन्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणून 'स' की 'फ' ते कळत नसे आणि माणसं 'सफरचंदातला स' असं सांगत बसत. दोन्ही बाजूंना व्होल्टी असेल तर ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ शकतो. कमी ऐकू येणाऱ्यांना हा फरक पहिल्याच कॉलला जाणवतो.

नवा साधा फोन निवडताना नेमकं काय बघू?

कागदावरचे आकडे सोडा. ज्याचा फोन आहे त्याचा अंगठा बघा.

माझ्या आत्याचा फोन बदलायचा होता तेव्हा मी आधी बॅटरी, कॅमेरा, मेमरी अशी तुलना करून एक छान फोन आणला. तिने तो दोन दिवसांत परत दिला. कारण विचारलं तर म्हणाली, 'याला अंधारात टॉर्च लागत नाही.' टॉर्च होता, चांगला प्रखर होता. पण तिच्या जुन्या फोनला वरचं बटण दोनदा दाबलं की लागायचा, आणि याच्यात मेनूत जाऊन तिसऱ्या ओळीवर. रात्री चष्म्याशिवाय तिसरी ओळ कुठून दिसणार? त्यानंतर मी आधी शेजारी बसून बघायला लागलो, माणूस फोन कसा वापरतो ते. एक संध्याकाळ पुरते.

काय काय दिसतं बघा. लॉक कसं उघडतात: मेनू आणि ताऱ्याचं (*) बटण दाबून, की नुसतं एक बटण लांब दाबून? मुलीला फोन लावताना नाव शोधतात, की २ चं बटण दाबून धरतात? ते स्पीड डायल नव्या फोनमध्ये किती बटणांवर लावता येतं? काही फोनमध्ये २ ते ९ मिळतात, काहींत मोजकेच. शेवटचा नंबर हिरव्या बटणाने येतो ना? लाल बटण कॉल कापतं, की बंद करायचं बटणही तेच आहे? थरथरत्या हाताला हा फरक महाग पडतो, कारण कॉल कापता कापता फोनच बंद होतो.

मग कीपॅड. दोन बटणांमध्ये बोटाला जाणवेल अशी फट हवी, पाचवर ठसठशीत उंचवटा हवा. डोळे मिटून दहा आकडी नंबर भरभर दाबून पाहा आणि मग स्क्रीनवर मोजा. काही नवे फोन इतके सुस्त असतात की भरभर दाबलं की एखादा आकडा गिळतात. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

अक्षरांचा आकार बघताना मुख्य स्क्रीनवरच्या घड्याळाने भुलू नका. ते सगळ्यांचंच मोठं असतं. कॉल येताना दिसणारं नाव केवढं, आणि मेसेज उघडल्यावरची अक्षरं केवढी, ते बघा. मराठी मेसेज येत असतील तर स्वतःच्या फोनवरून एक जोडाक्षरांचा मेसेज तिथल्या तिथे पाठवा. चौकोन चौकोन दिसले किंवा वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली, तर तो फोन तुमचा नव्हे. जाता जाता, देवनागरी मेसेजमध्ये ७० चिन्हं मावतात, रोमनमध्ये १६०. लांबलचक मराठी मेसेज तुकड्यांत आला तर बिघाड समजू नका.

रिंगटोन नुसती मोठी असून भागत नाही. वय वाढलं की आधी बारीक, किणकिणते सूर ऐकू येईनासे होतात. जाड, भारदस्त सुराची रिंग निवडा, शेजारच्या खोलीतून वाजवून बघा.

फ्लिपचा घ्यावा की सरळ?

मिटल्यावर कॉल कापला जातो आणि खिशात बटणं दाबली जात नाहीत, या दोन कारणांसाठी फ्लिप चांगला. बिजागरी आणि आतली पातळ वायरपट्टी हे त्याचं दुखणं. एका हाताने उघडता येत नसेल तर घेऊ नका.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी काय बघावं?

फोनवर श्रवणयंत्राशी जुळण्याचं मानांकन असेल तर पेटीवर किंवा पुस्तिकेत एम३/टी३, एम४/टी४ असं काहीतरी दिसतं. 'एम' म्हणजे यंत्राच्या माइकमधून ऐकताना होणारी खरखर कमी, 'टी' म्हणजे टेलिकॉइलवरून, यंत्रातल्या तारेच्या छोट्या गुंडाळीवरून, ऐकण्याची सोय. आकडा मोठा तेवढा बरा. पण शेवटी ते यंत्र कानात घालूनच कॉल करून पाहा. २जी फोन श्रवणयंत्राजवळ आणला की जो 'टर्र-टर्र' आवाज येतो तो ४जी कॉलमध्ये सहसा येत नाही.

बटणाच्या फोनवर व्हॉट्सअॅप हवंय.

काही वर्षांपूर्वी याला सरळ उत्तर होतं. कायओएस नावाची प्रणाली, जी मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघाली, तिच्यावर २०१९ पासून व्हॉट्सअॅप मिळायचं. जून २०२४ मध्ये ते नव्याने उतरवणं बंद झालं. त्यामुळे जुन्या कायओएस फोनच्या पेटीवरचं व्हॉट्सअॅपचं चित्र बघून फोन घेऊ नका.

दोन वाटा उरतात. एक, अँड्रॉइडवर चालणारा बटणांचा फोन. असे थोडे मिळतात, पण त्यांच्या छोट्या पडद्यावर अॅप अंग चोरून बसतात आणि अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असेल तर काही वर्षांत पुन्हा हाच प्रश्न. दुसरी वाट मला जास्त पटते: सिम बटणाच्या फोनमध्येच राहू द्या आणि घरातल्या टॅबवर किंवा जुन्या स्मार्टफोनवर त्याच नंबरने व्हॉट्सअॅप सुरू करा. पडताळणीचा कोड मेसेजने बटणाच्या फोनवर येतो, तो टॅबवर टाकायचा. फोटो मोठ्या पडद्यावर बघता येतात आणि बोलायला बटणं राहतात.

जुन्या फोनवरचं इंटरनेट का उघडत नाही? सिग्नल तर आहे.

वेबसाइटचं कुलूप बदललं, तुमच्या फोनची किल्ली जुनी राहिली. टीएलएस १.० आणि १.१ या सुरक्षेच्या जुन्या पद्धती मोठ्या ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास सोडून दिल्या, आणि बहुतेक साइटी आता त्या स्वीकारत नाहीत. सेटिंग खटपटून हे सुटत नाही. सोडून द्या.

नंबर नव्या फोनमध्ये कसे न्यायचे?

या प्रश्नाला वेळ द्या, कारण इथे एकदा गेलेलं परत येत नाही.

आधी नंबर कुठे आहेत ते पाहा: फोनमध्ये, सिमवर, की दोन्हीकडे वाटलेले? फोनबुकच्या सेटिंगमध्ये 'मेमरी' असं काहीतरी असतं, तिथे कळतं. बहुतेकांचे वाटलेलेच निघतात, आणि निम्मी नावं दोनदा.

सर्वांत जुनी रीत म्हणजे सगळे नंबर सिमवर कॉपी करून सिम नव्या फोनमध्ये घालणं. चालते, पण तिचे नखरे आहेत. सिमवर साधारण २५० नोंदी मावतात, एका नावाला एकच नंबर. बऱ्याच सिमवर नावाला रोमन लिपीतली चौदाच अक्षरं मिळतात, आणि देवनागरीत त्याच जागेत जेमतेम सहा चिन्हं. काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजले जातात. 'सुतारकाका' अशी नोंद सिमवर गेली की 'सुतारक' होऊन परत येते. एकाच घरातली चार माणसं 'आडनाव-नाव' अशी लिहिलेली असतील तर चौघंही एकसारखीच दिसतात. मी एकदा हे केलंय. नंतर प्रत्येक नंबरला कॉल करून 'आपण कोण?' असं विचारत बसलो होतो.

त्याहून चांगली रीत म्हणजे मेमरी कार्ड. फोनमध्ये बॅकअपची सोय असेल तर तो कार्डावर फाइल लिहितो. ती फाइल '.व्हीसीएफ' असेल तर छान, जवळजवळ कुठलाही फोन ती वाचतो. पण काही फोनांचा बॅकअप त्यांच्याच जातीच्या फोनला कळतो. म्हणून कार्ड नव्या फोनमध्ये घालून नावं खरंच आली का ते बघितल्याशिवाय जुना फोन पुसू नका. ब्लूटूथ असेल तर 'सगळे पाठवा' मिळतं का पाहा. एकेकच जात असेल तर चहाचा कप घेऊन बसा.

आणि नंबर शंभराच्या आत असतील तर माझा प्रामाणिक सल्ला: वहीत लिहा आणि हाताने भरा. अर्ध्या नावांची गरज संपलेली असते, ती आपोआप गळतात. शिवाय वही कधी बंद पडत नाही.

सिम बसत नाही किंवा नवं सिम घ्यावं लागतंय.

जुन्या फोनचं मिनी सिम २५ × १५ मिलिमीटरचं, मायक्रो १५ × १२, नॅनो १२.३ × ८.८. मोठं सिम कापून लहान करण्यापेक्षा कंपनीकडून बदलून घ्या. उलट, नॅनो सिम जुन्या फोनमध्ये घालायचं तर चौकटीसारखा अडॅप्टर लागतो. रिकामा अडॅप्टर कधीही खाचेत सरकवू नका. आतल्या सोनेरी काड्या त्यात अडकतात आणि बाहेर ओढताना तुटतात.

सिम बदललं की सिमवर साठवलेले नंबर नव्या सिमवर येत नाहीत, कारण ते कंपनीकडे नसतातच. आधी उतरवून घ्या.

जुने मेसेज ठेवायचे आहेत.

माणूस गेलेला असतो आणि त्याचे मेसेज त्या फोनमध्ये असतात, म्हणून हा प्रश्न येतो. बहुतेक साध्या फोनांत मेसेज बाहेर काढायची सोय नाही. सिमवर हलवता येतात, पण तिथे जागा अगदीच थोडी. सगळ्यात भरवशाचं म्हणजे एकेक मेसेज उघडून दुसऱ्या कॅमेऱ्याने स्क्रीनचा फोटो काढणं. तारीख-वेळ दिसेल असा काढा. फ्लॅश बंद ठेवा आणि फोन किंचित तिरपा धरा, म्हणजे स्क्रीनवर चकाकी येत नाही.

बॅटऱ्या आत्ताच चार-पाच आणून ठेवू का?

नको. वर म्हटल्याप्रमाणे त्या कपाटातही म्हाताऱ्या होतात. एक जास्तीची पुरे. तीही निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा, आणि काही महिन्यांनी एकदा पाहा. पूर्ण रिकामी ठेवलीत तर ती कायमची झोपू शकते.

बीएल-५सीसारखी बॅटरी असेल तर नशीबवान आहात, ती कितीतरी छोट्या रेडिओ-स्पीकरांतही चालते म्हणून अजून बनते. पण नकलाही तितक्याच. अस्सल मालालाही दृष्ट लागली होती: २००७ मध्ये नोकियाने जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता, कारण चार्ज होताना काही भलत्याच तापत होत्या. तेव्हा अनोळखी बॅटरी पहिल्यांदा चार्ज कराल तेव्हा ती उशीखाली नको, डोळ्यांसमोर हवी.

नवा फोन नव्या केबलने चार्जच होत नाही. खराब निघाला का?

बहुधा नाही. टाइप-सी खाच असलेल्या काही स्वस्त फोनांत एक बारीकसा रोधक वाचवलेला असतो. त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलला तिथे कुणी आहे हेच कळत नाही. पेटीतली, एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा. चालेल.

४जी बटणफोनची बॅटरी जुन्यासारखी आठवडाभर का टिकत नाही?

कारण आत छोटा संगणक जागा असतो. मोबाइल डेटा बंद ठेवा. व्होल्टीचे कॉल बहुतेक ठिकाणी त्यानंतरही चालतात, पण दोन-तीन कॉल करून आणि घेऊन खात्री करा. वायफाय, ब्लूटूथ असेल तर तेही बंद. आठवडा नाही, पण तीन-चार दिवस जमू शकतात.

नव्या फोनमधून परस्पर बॅलन्स जातोय.

आधी चुकून दाबली गेलेली बटणं आणि फोनमधले 'ट्राय करा' छापाचे खेळ बघा. तेही नसेल तर फोनवर संशय घ्या. २०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने काही स्वस्त बटणफोन उघडून दाखवलं होतं की ते मालकाला न कळवता एसएमएस पाठवतात. असा फोन परत द्या. रीसेट करून हे जात नाही, ते कारखान्यातूनच आत बसलेलं असतं.

आईला नवा फोन दिलाय, ती हात लावत नाही.

जुना काढून घेतलात का? तीच चूक. आठ-पंधरा दिवस दोन्ही शेजारी-शेजारी असू द्या. सिम नव्यात, जुना नुसता बघायला. सगळं एका बैठकीत शिकवू नका. पहिल्या दिवशी फक्त आलेला कॉल घेणं. तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन कॉल करा, तिला उचलू द्या, चार-पाच वेळा. मग स्पीड डायल. मेसेज आठवड्याने. आणि शिकवताना फोन तिच्या हातात असू द्या. आपण 'बघ, असं असं' म्हणत भराभर दाबतो, ते बघून कुणीच काही शिकत नाही.

रिंगटोन जुन्या फोनचीच लावता आली तर लावा. कार्डावर टाकून किंवा रेकॉर्ड करून. रिंग ओळखीची असली की हात आपोआप जातो.

जुन्या फोनचं काय करू?

सिम काढा, मेमरी कार्ड काढा, फॅक्टरी रीसेट करा. रीसेटला सुरक्षा कोड मागतात. बऱ्याच जुन्या नोकियांत तो कुणी बदलला नसेल तर १२३४५ असायचा. देऊन टाकायचा असेल तर ई-कचऱ्यात, साध्या कचऱ्यात नाही.

जपून ठेवायचा असेल तर बॅटरी बाहेर काढून ठेवा. फुगून फोन फाटू नये म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी. काही जुने फोन बंद केले तरी गजराच्या वेळेला स्वतःहून जागे होतात. आत्याचा जुना फोन मी बंद करून कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो ठरल्याप्रमाणे वाजला, आणि अख्खं घर कपाट उपसत असताना आत्या मात्र शांतपणे उठून कामाला लागली होती.